घोळणा थांबला, तरी दुर्बीण लावाच

अश्वारोग्य : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. माझी सहा वर्षांची मारवाडी घोडी आहे. तीन वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या यात्रेत घेतली. अकरा दिवसांपूर्वी सकाळी तबेल्यात गेलो तर गव्हाणीवर आणि भिंतीवर रक्त. डाव्या नाकपुडीतून धार येऊन सुकली होती. घोडी चांगली उभी होती, चंदीही खाल्ली. गावातले म्हणाले, उष्णतेनं घोळणा फुटला. मी धन्याचं पाणी पाजलं, डोक्यावर ओलं पोतं टाकलं. पाचव्या दिवशी परत फुटला. त्या वेळी अर्धी बादली तरी रक्त गेलं असेल. डॉक्टरांनी रक्त थांबायचं इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासात थांबलं. कालपासून पाणी पिताना थोडं पाणी आणि गवताचा चोथा नाकातून येतो. कुणी म्हणतं, यावर गळ्यातली शीर बंद करायचं ऑपरेशन असतं. एवढ्याशा घोळण्याला ऑपरेशन कशाला?
— एक घोडीमालक, ता. शहादा

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मिळालं त्याच दुपारी मी तुम्हाला फोन केला. तेव्हा घाईत जे बोलले ते इथे सावकाश लिहिते, कारण असं पत्र मला दर वर्षी एखाद-दुसरं येतंच, आणि पुष्कळदा ते येतं तेव्हा घोडं गेलेलं असतं.

तुमच्या पत्रातल्या चार गोष्टी वाचून मला धास्ती वाटली. रक्त एकाच नाकपुडीतून आलं. घोडी पळत नव्हती, रात्री तबेल्यात उभी होती. रक्त आपोआप थांबलं आणि काही दिवसांनी जास्त जोरानं परत आलं. आणि आता खाल्लेलं-प्यालेलं नाकातून येतंय. माणसाचा घोळणा उन्हाळ्यात फुटतो तो नाकाच्या पुढच्या भागातल्या बारीक शिरांमधून. घोड्याला ते गणित लावू नका. उभ्या घोड्याच्या नाकातून तांब्याभर रक्त आलं, की ते नाकाच्या मागून कुठून तरी आलं असं धरून चालायचं.

ते ‘मागून’ म्हणजे कुठून, हे सांगते. घोड्याच्या कानाच्या मुळाखाली, घशाच्या वरच्या अंगाला, दोन्ही बाजूंना एकेक पोकळ पिशवी असते. तिला गटरल पाऊच म्हणतात. आपल्या कानातून घशात एक बारीक नळी उतरते ना, तीच नळी घोड्यामध्ये फुगून तिची पिशवी झाली आहे. मोठ्या घोड्याच्या एका पिशवीत ३०० ते ५०० मिलिलिटर हवा मावते. गाढवाला, खेचराला ती असते. गाई-म्हशीला, कुत्र्याला नसते. म्हणूनच गुरांचा चांगला अनुभव असलेल्या डॉक्टरच्याही मनात ती पटकन येत नाही. पिशवीचं अस्तर कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ असतं, आणि त्या पापुद्र्याच्या घडीतून मेंदूकडे जाणारी अंतर्गत कॅरोटिड धमनी वर चढते. तिच्या अगदी शेजारून गिळण्याच्या, आवाजाच्या आणि जिभेच्या नसा जातात. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातून बाह्य कॅरोटिड आणि तिचीच पुढची मॅक्सिलरी धमनी जाते.

या पिशवीच्या छताला कधी कधी बुरशी धरते. ॲस्परजिलस नावाची. ओलसर, धुळकट वैरणीत हिचे बीजाणू असतात. बुरशीची पांढरी, पिवळट, काळपट खपली बहुतेक वेळा नेमकी अंतर्गत कॅरोटिडच्या वर बसते आणि हळूहळू धमनीची भिंत पोखरते. पहिल्यांदा भिंतीला बारीकसं छिद्र पडतं, रक्त येतं, गुठळी धरते, रक्त थांबतं. मालकाला वाटतं, बरं झालं. खाली बुरशीचं काम चालूच असतं. पुन्हा काही दिवसांनी गुठळी सुटते. असं एकदा, दोनदा, कधी तीनदा होतं, आणि मग एका रात्री भिंत पुरती फाटते. ४०० किलोच्या घोड्याच्या अंगात ३० लिटरच्या आसपास रक्त असतं. एवढ्या मोठ्या धमनीतून ते जायला लागलं की डॉक्टरला फोन लागेपर्यंतही वेळ उरत नाही. या आजारात ज्यांचं रक्त एकदा वाहिलं आणि ज्यांच्या धमनीवर काही उपाय झाला नाही, अशा घोड्यांपैकी साधारण निम्मे रक्तस्रावानंच जातात.

मी हे पाहिलेलं आहे. नोकरीला लागून मला दुसरं वर्ष होतं. पुण्याजवळच्या एका रायडिंग शाळेत आठ वर्षांचा तांबडा खस्सी घोडा होता, मुलांचा फार लाडका. त्याच्या उजव्या नाकपुडीतून पेलाभर रक्त आलं म्हणून मला बोलावलं. मी त्याची छाती ऐकली, ताप पाहिला, हिरड्या पाहिल्या. सगळं ठीक होतं. ‘आठ दिवस स्वारी नको, सावलीत ठेवा,’ असं सांगून मी निघाले. नवव्या दिवशी पहाटे मोतद्दार सायकलवर माझ्या दारात आला, त्याच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत रक्त लागलेलं होतं. तो काही बोलला नाही, आणि मला विचारायची गरज पडली नाही. तबेल्यातच मी शवविच्छेदन केलं. उजवी पिशवी गुठळीनं गच्च भरली होती, आणि गुठळी धुतल्यावर धमनीच्या भिंतीत ज्वारीच्या दाण्याएवढं भोक दिसलं. त्या घोड्यानं आम्हाला आठ दिवस दिले होते. ते आठ दिवस मी त्याला सावलीत उभं करण्यात घालवले. तेव्हापासून नाकातून रक्त आलेल्या घोड्याला दुर्बीण लावल्याशिवाय मी ‘आराम द्या’ असं कुणाला सांगितलेलं नाही.

तर, भाऊ, पहिली गोष्ट म्हणजे दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोपी. नाकातून लवचिक दुर्बीण घालून घशातल्या पिशवीच्या तोंडाशी रक्ताचा ओघळ आहे का ते पाहतात, मग जपून आत शिरतात. आत गुठळी दिसली तर तिला हात लावायचा नाही, धुवायचं नाही. ती गुठळी म्हणजे त्या घडीला धमनीला बसलेलं बूच असतं. दोन्ही बाजू पाहायच्या. कारण बुरशी कोणत्या धमनीवर बसली आहे, अंतर्गत, बाह्य की मॅक्सिलरी, यावर पुढचं सगळं ठरतं.

आता तुमचा खरा प्रश्न, ऑपरेशन कशाला. रक्त थांबवायचं इंजेक्शन गुठळीला थोडा आधार देतं, पोखरलेली भिंत सांधत नाही. बुरशीनाशक औषध पिशवीत सोडता येतं, पण त्याला आठवडे लागतात आणि धमनीला तेवढी सवड नसते. म्हणून धमनीचा पोखरलेला तुकडाच रक्ताच्या वाटेतून काढून टाकायचा. कापून काढायचा नाही. जागेवर ठेवूनच त्याच्यातून रक्त जाणं बंद करायचं.

इथे एक मेख आहे. तुमच्या शेतात विहिरीवरून पाइपलाइन जाते आणि दुसऱ्या टोकाला उंचावर भरलेली टाकी आहे असं समजा. मधे पाइप फुटला. तुम्ही पळत जाऊन विहिरीकडचा व्हॉल्व्ह बंद केला. पाणी थांबेल का? नाही थांबणार, टाकीतलं पाणी उलटं येऊन त्याच भोकातून जाईल. घोड्याच्या मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं आणि दोन्ही बाजूंच्या धमन्या त्याला येऊन मिळतात. एका बाजूची धमनी खाली मुळाशी बांधली, तरी दुसऱ्या बाजूचं रक्त कड्यातून उलटं फिरून भोकापर्यंत येतं. म्हणून भोकाच्या अलीकडे आणि पलीकडे अशा दोन्ही ठिकाणी वाट अडवावी लागते. घोड्याचं नशीब असं, की या कड्यामुळेच एका बाजूची धमनी कायमची बंद झाली तरी मेंदूला रक्त पुरतं.

अलीकडचं टोक बांधणं सोपं आहे, तिथे सर्जनचा हात पोचतो. पलीकडचं टोक कवटीच्या हाडाला लागून, आत वळलेलं असतं. तिथे हात जात नाही. ही अडचण पहिल्यांदा नीट सोडवली ती अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डेव्हिड फ्रीमन आणि विल्यम डोनाविक यांनी. १९८० साली त्यांनी टोकाला फुगा असलेल्या कॅथेटरची, म्हणजे बारीक लवचिक नळीची, पद्धत प्रसिद्ध केली. माणसांच्या धमनीतली गुठळी ओढून काढायला जो कॅथेटर वापरतात, तोच. धमनी मुळाशी बांधायची, गाठीच्या वर छोटा छेद घ्यायचा, तिथून कॅथेटर मेंदूच्या दिशेनं सरकवायचा. साधारण १३ सेंटिमीटर आत गेल्यावर धमनीला इंग्रजी एस अक्षरासारखं वळण लागतं. तिथे फुगा फुगवला की पलीकडची वाट बंद. कॅथेटरचं बाहेरचं टोक कातडीखाली पुरून ठेवायचं, आणि धमनी गुठळीनं भरून पक्की झाली की आठ-दहा दिवसांनी फुग्यातलं पाणी काढून तो ओढून घ्यायचा.

पुढे फुग्याची जागा कॉइलनं, म्हणजे धमनीत गुंडाळी होऊन बसणाऱ्या बारीक तारेनं घेतली. अमेरिकेतल्या सर्जननी २००० साली घोड्यांसाठी ती पद्धत मांडली. फ्रान्समध्ये लिऑनला १९९९ ते २००२ या काळात ३१ घोड्यांवर कॉइल बसवून पुढे दोन वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. तो अहवाल २००५ मध्ये आला. ते अहवाल वाचून माझं समाधान होईना, म्हणून रजा काढून मी युरोपातल्या एका घोड्यांच्या इस्पितळात सहा आठवडे नुसती उभी राहून पाहत होते. तिथली पहिली केस अजून डोळ्यांसमोर आहे. मानेत बोटभर छेद, कॅरोटिडमध्ये नळी, आणि सगळ्यांचे डोळे पडद्यावर. डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडला की पडद्यावर धमनी काळ्या शाईच्या रेघेसारखी वर चढत गेली, वळणं घेत. रेघेत एका जागी फुगवटा होता, तिथेच भिंत पातळ झालेली. सर्जननं कॅथेटर त्या फुगवट्याच्या पुढे नेला आणि आतून बॉलपेनच्या स्प्रिंगसारखी तार ढकलली. कॅथेटरमध्ये ती सरळ होती, बाहेर पडताच गुंडाळी होऊन धमनीत अडकून बसली. तारेला बारीक धागे असतात, त्यांच्यावर रक्त गोठतं. एक, दोन, तीन कॉइल. मग मागे येऊन फुगवट्याच्या अलीकडे आणखी दोन. पुन्हा डाय सोडला, तेव्हा रेघ कॉइलपाशी येऊन थांबली. पुढे काहीच नव्हतं. मला त्या क्षणी आमचा तांबडा आठवला आणि मी बाहेर जाऊन पाच मिनिटं उभी राहिले.

लक्षात घ्या, पलीकडची कॉइल आधी आणि अलीकडची नंतर. अलीकडची आधी बसवली तर पुढे जायची वाटच उरत नाही. नंतरच्या काळात निकेल-टायटॅनियमच्या जाळीचा प्लगही आला आहे. कॉइलपेक्षा तो मोठा असतो, त्यामुळे कमी नगांत काम होतं. काही ठिकाणी घोड्याला न झोपवता, गुंगी देऊन उभ्यानंच कॉइल बसवतात. आधीच रक्त गेलेल्या घोड्याला पूर्ण भूल देणं आणि नंतर तो धडपडत उठणं, ही दोन्ही जोखमीची कामं टळतात, म्हणून मला ही सुधारणा फार मोलाची वाटते.

धोके नाहीत असं नाही. कॅथेटर भलत्या फांदीत गेला, कॉइल मेंदूकडे सुटली, तर घोडा हातचा जातो. काही घोड्यांत या धमनीला नेहमीपेक्षा वेगळ्या फांद्या असतात, म्हणून डाय सोडून नकाशा आधी पाहणं गरजेचं. बाह्य कॅरोटिड आणि मॅक्सिलरीच्या शस्त्रक्रियेत त्या बाजूचा डोळा जाऊ शकतो, कारण डोळ्याचं रक्त तिथूनच जातं. आणि एक गोष्ट तुम्हाला फोनवर सांगताना जड गेली, इथेही लिहिते : ऑपरेशन रक्त थांबवतं, नसा बऱ्या करत नाही. तुमच्या घोडीच्या नाकातून चोथा येतोय याचा अर्थ गिळण्याच्या नसेला बुरशीची झळ लागली आहे. धमनी बंद केल्यावर बुरशी पुष्कळदा आपोआप वाळून जाते, काही घोडी काही महिन्यांत नीट गिळायला लागतात. काही लागत नाहीत. त्यांना अन्न छातीत जाऊन न्यूमोनिया होतो. घोडी नेण्याआधी हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

इस्पितळाला फोन कराल तेव्हा ‘घोड्याचं ऑपरेशन होतं का’ एवढंच विचारू नका. घोड्याची एंडोस्कोपी होते का, चालत्या एक्स-रेचं यंत्र आहे का, घोडा भुलीतून उठवायची गादी लावलेली खोली आहे का, रक्त द्यायला दुसरा घोडा मिळेल का, हे चार प्रश्न विचारा. फुग्याची पद्धत चालत्या एक्स-रेशिवायही होऊ शकते, सर्जनचा हात बसलेला हवा. तोवर घोडीला हलवू नका, पळवू नका. डोकं उंच बांधू नका. नळानं औषध, तेल, धन्याचं पाणी काही पाजू नका, ते छातीत जाईल. आणि रक्त आलं तर नाकात बोळा कोंबू नका : घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, दोन्ही नाकपुड्या बुजल्या तर गुदमरून मरेल.

प्रश्न : मॅडम, मी पशुधन विकास अधिकारी आहे. अशा केसमध्ये तालुक्याच्या ठिकाणी कॉमन कॅरोटिड मानेत तातडीनं बांधून टाकली तर घोडा इस्पितळापर्यंत टिकेल का? आणि शांत ठेवायला ॲसिप्रोमॅझिन द्यावं का?
— एक तरुण पशुवैद्य, सोलापूर जिल्हा

उत्तर : प्रश्न विचारलात याचा आनंद वाटला. कॉमन कॅरोटिड, म्हणजे अंतर्गत आणि बाह्य कॅरोटिड जिच्यातून फुटतात ती मानेतली मुख्य धमनी, बांधल्यानं वाचेल याचा भरवसा नाही, आणि कारण वर सांगितलेलंच : मेंदूच्या कड्यातून रक्त उलटं येतं. खालचा दाब पडल्यावर त्या भोकाकडे रक्त उलट्या दिशेनं जोरानंही धावू शकतं. अंतर्गत कॅरोटिड नुसती मुळाशी बांधून काही घोडे वाचले आहेत, काही नंतर त्याच भोकातून रक्त जाऊन मेले आहेत. दुसरा काहीच मार्ग नसेल तर मुळाशी बांधणं मी समजू शकते, पण मालकाला ‘काम झालं’ असं सांगू नका. अर्धं झालं असं सांगा.

बाह्य कॅरोटिड आणि मॅक्सिलरीवर बुरशी असेल तर पलीकडची वाट अडवायची जागा वेगळी. तिथे फुग्याचा कॅथेटर तोंडातून, टाळूच्या मोठ्या धमनीतून मागे नेतात. कोपऱ्याच्या, म्हणजे शेवटच्या पटाशीच्या थोडं मागे टाळूवर छेद घेऊन. हे काम प्रेतावर सराव केल्याशिवाय करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ॲसिप्रोमॅझिन नको. ते रक्तदाब पाडतं, आणि रक्त गेलेल्या घोड्यात तो पडला की सावरत नाही. झायलाझिन या दुसऱ्या गुंगीच्या औषधामुळे सुरुवातीला थोडा वेळ दाब वाढतो हेही ध्यानात ठेवा. घोडा फारच बिथरला असेल तर कमीत कमी मात्रेत, शिरेत सलाईन चालू ठेवून, नजर हिरडीवर ठेवून द्या. पहिल्या बारा तासांत हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावर, विसंबू नका. घोड्याची प्लीहा आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात ओतते, त्यामुळे आठ-दहा लिटर गेलेल्या घोड्याचाही आकडा चांगला दिसतो. जबड्याच्या खालच्या कडेवर बोट ठेवून नाडी मोजा. आरामात उभ्या घोड्याची २८ ते ४० असते. ६० च्या वर जाऊन तिथेच राहिली, हिरडी पांढरी पडली, कान गार लागले, तर रक्त द्यायची तयारी करा. पहिल्यांदा रक्त देताना निरोगी, कधी दुसऱ्याचं रक्त न दिलं गेलेला, आणि शिंगरू झालेल्या घोडीपेक्षा शक्यतो खस्सी घोडा दाता म्हणून निवडतात. मोठा घोडा सहा लिटर सहज देऊ शकतो. शक्य तिथे आधी दोन्ही रक्तं जुळवून पाहा.

आणि रक्तानं माखलेल्या नाकात हात घालण्याआधी हातमोजे घाला. नाकातून रक्तमिश्रित शेंबूड, नाकात जखमा, कातडीवर गाठी दिसल्या तर आधी ग्लँडर्सचा, म्हणजे घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगाचा, विचार करा. २००६ मध्ये आपल्या महाराष्ट्रात ग्लँडर्सची साथ आली होती. तो माणसालाही होतो. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. अहवाल येईपर्यंत घोडा वेगळा बांधायचा.

प्रश्न : आमचा घोडा लग्नाच्या वरातीत नाचतो. मागच्या महिन्यात दोन पायांवर उभा राहताना तोल जाऊन पाठीवर पडला, डोकं आपटलं. लगेच दोन्ही नाकपुड्यांतून रक्त आलं. त्यालाही ही बुरशी असेल का?
— एक वाचक, बारामती

उत्तर : बहुतेक नाही. घोडा मागे पडून डोकं आपटलं की कवटीच्या तळाला धरलेले मानेचे पुढचे स्नायू ओढ बसून फाटतात, कधी हाडाचा कपचाही निघतो. हे स्नायू त्याच पिशवीच्या आतल्या भिंतीला लागून असतात, त्यामुळे दुर्बिणीत पिशवीतच रक्त दिसतं. इथे धमनी बंद करायचं ऑपरेशन करायचं नाही. पूर्ण विश्रांती, आणि मान वाकडी धरतो का, तोल जातो का, पापणी मिटते का हे रोज पाहायचं. एक्स-रे मात्र काढा. आणि त्याला दोन पायांवर उभं करणं कायमचं बंद करा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

प्रश्न : रेसकोर्सवर सराव झाल्यावर आमच्या घोड्याच्या दोन्ही नाकपुड्यांत रक्त दिसतं. तबेल्यात उभा असताना कधीच नाही.
— एक मोतद्दार, पुणे

उत्तर : हे फुप्फुसातून येतं. जोरात पळताना फुप्फुसातल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्यांवरचा दाब फार वाढतो आणि त्या फुटतात. पळून आल्यावर अर्ध्या ते दीड तासात श्वासनलिकेत दुर्बीण घातली की रक्त दिसतं. गटरल पाऊचशी त्याचा संबंध नाही. तुम्ही ‘तबेल्यात कधीच नाही’ हे लिहिलंत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. पण कधी उभ्या घोड्याच्या नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरला सांगा, मालक गावाला गेले असले तरी.

ता. क. : अंक छपाईला जाण्याआधी शहाद्याच्या भाऊंचा फोन आला. घोडी दुर्बिणीला नेली. डाव्या पिशवीच्या छताला, अंतर्गत कॅरोटिडवर हाताच्या अंगठ्याएवढी काळपट खपली होती. तिसऱ्या दिवशी सर्जननं धमनी मुळाशी बांधून पलीकडे फुगा बसवला, आणि दहाव्या दिवशी काढला. त्यानंतर रक्त आलेलं नाही. पाणी अजून नाकातून येतं, पण आधीपेक्षा कमी. चुनीचा भिजवलेला लगदा ती जमिनीवरच्या घमेल्यातून खाते, आणि भाऊ रात्री दोनदा उठून कंदिलानं भिंत बघतात.